नासपतीचा पडदा

ती आधी बाईंची विद्यार्थिनी झाली आणि मग त्यांची सून. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला.

बाई फळसंशोधन केंद्रातल्या पिकण विभागाच्या प्रमुख होत्या. विभागाचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळे 'पिकण विभाग'च म्हणायचे, आणि तिथं बदली झालेल्या माणसाचे केस लवकर पिकतात हा तिथला शिळा विनोद होता. बाईंचे मात्र निवृत्तीला आल्या तरी निम्मेच पिकले होते. उंच, ताठ बाई; आवाज असा, की कॉरिडॉरच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाला बीकर विसळणाऱ्याचा हात थांबायचा. नासपतीचं फळ उचललं की देठाजवळ अंगठ्यानं हलकेच दाबायच्या आणि 'हे परवा खा' असं सांगून ठेवून द्यायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा लहान मुलांना पोहायला शिकवायचा. तलावावरची पोरं त्याला 'बेडूकसर' म्हणत आणि त्यालाही ते आवडायचं. आई एकदा चष्मा घरी विसरली म्हणून तो द्यायला केंद्रात आला आणि चष्मा देऊन झाल्यावरही बराच वेळ दारातून हलेना. कोपऱ्यातल्या टेबलावर बाईंची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी फळांच्या चकत्या कापत होती. त्यानंतर बाई रोजच घरी काही ना काही विसरायला लागल्या. सकाळी आपली पर्स गुपचूप कोण रिकामी करतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

लग्न झालं, तिला केंद्रातच नोकरीही लागली, आणि प्रयोगशाळेतले मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी दोघींचं नामकरण करून टाकलं: मोठ्या बाई आणि धाकट्या बाई. आपणही तिला धाकटीच म्हणू.

बाईंनी पहिल्याच दिवशी नियम घातला होता. "हे बघ, प्रयोगशाळेत मी बाई, घरी आई. इकडचं तिकडे करायचं नाही."

"बरं, बाई," धाकटी म्हणाली.

"आपण घरी आहोत."

"बरं, आई."

नियम बाईच मोडायच्या. जेवताना डाव्या हाताच्या बोटानं टेबलक्लॉथवर आलेख काढायच्या, आणि मुलगा म्हणायचा, "इतरांच्या घरात सासू-सुना भांडतात, बाहेरच्या माणसाला निदान ऐकायला तरी मजा येते. तुमचं एक अक्षर कळेल तर शपथ."

बाईंचं आयुष्यभराचं काम नासपतीवरचं. कडक, खरखरीत नासपती चार-सहा दिवसांत लोण्यासारखी मऊ होते ती कशामुळे, एवढाच त्यांचा प्रश्न. फळ म्हणजे असंख्य पेशी. प्रत्येक पेशीला बाहेरून भिंत आणि भिंतीच्या आत स्निग्ध पदार्थांचा एक अतिशय तलम पडदा. पेशीतले रस, आम्लं, क्षार हा पडदा धरून ठेवतो. बाईंचं म्हणणं असं, की पिकताना आधी पडदा बिघडतो. त्यातले स्निग्ध पदार्थ बदलतात, तो ताठर होतो, मग झिरपायला लागतो. आतलं बाहेर आलं की भिंत विरघळते आणि फळ मऊ पडतं. आधी पडदा, मग भिंत. हे त्यांनी तरुणपणी मांडलं, मोजून दाखवलं, आणि आता ते पाठ्यपुस्तकात होतं. मोजायची रीत सोपी होती. फळाच्या सारख्या चकत्या कापायच्या, शुद्ध पाण्यात बुडवायच्या आणि पाण्यातून वीज किती वाहते ते मीटरवर बघायचं. पेशींतले क्षार जितके झिरपतील तितकी वीज जास्त वाहते. फळ जसं पिकेल तसा आकडा चढायचा. धाकटी ही रीत बाईंच्या हाताखालीच शिकली होती.

निवृत्तीपूर्वी बाईंचं निरोपाचं व्याख्यान ठरलं. बाहेरच्या संस्थांमधले लोक येणार होते. बाईंनी व्याख्यानाची चित्रं करायचं काम धाकटीकडे सोपवलं.

"सूक्ष्मदर्शकातले फोटो हवेत," त्या म्हणाल्या. "कच्च्या फळाचा धड पडदा आणि पिकलेल्या फळाचा फाटका. लोकांनी बघितल्या बघितल्या गप्प बसायला पाहिजे."

धाकटी कामाला लागली. कच्च्या फळाचे फोटो झकास आले. मग तिनं पिकलेल्या मऊ फळाचा पातळ काप काढला, काचेवर ठेवून वर पाण्याचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. क्षणभर पेशी छान टपोऱ्या दिसल्या. मग तिच्या डोळ्यांदेखत एक फुगली आणि फुटली. मग शेजारची. मग तिसरी. फोटो काढायला सवडच मिळेना.

पाणी आत शिरून पेशी फुगतात हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं दुसरा काप साखरेच्या पाण्यात ठेवला, पेशीच्या रसाइतक्याच दाट द्रावणात, म्हणजे पाणी आतही ओढलं जाणार नाही आणि बाहेरही. वर तिनं एक निळा रंग टाकला. पडदा फाटलेला असेल तर हा रंग पेशीत घुसतो, धड असेल तर बाहेरच राहतो.

रंग बाहेरच राहिला. फळ इतकं पिकलं होतं की चिमटीत धरताना त्यात बोट रुतत होतं, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या पेशींचे पडदे शाबूत होते.

धाकटीनं आधी रंगावर संशय घेतला. नवा रंग केला. मग फळावर. दुसऱ्या पेटीतलं घेतलं. मग स्वतःवर घेतला आणि चहा पिऊन आली. शेवटी तिनं बाईंचाच प्रयोग लावला: एकाच फळाच्या चकत्या, निम्म्या शुद्ध पाण्यात, निम्म्या साखरेच्या पाण्यात. पुढचे काही दिवस ती रोज थोड्या जास्त पिकलेल्या फळावर हेच करत राहिली. शुद्ध पाण्यातला आकडा बाईंच्या आलेखासारखा चढत गेला. साखरेच्या पाण्यातला जागचा हललाच नाही, तो अगदी शेवटी, फळ सडायला लागल्यावर वर गेला.

अर्थ उघड होता. पिकताना आधी भिंत कमजोर होत होती. तशी चकती शुद्ध पाण्यात टाकली की पेशी पाणी पिऊन फुगत, आवरून धरायला भिंत नसल्यामुळे पडद्यावर ताण येई आणि तो फुटे. फळात पडदा फाटत नव्हताच. तो बीकरमध्ये फाटत होता. इतकी वर्षं.



त्या संध्याकाळी ती घरी न जाता तलावावर गेली. शेवटचा वर्ग सुटत होता, ओली पोरं टॉवेल शोधत धावत होती. नवऱ्यानं तिला बघून शिट्टी गळ्यातून काढली. "काय झालं? तोंड का असं पडलंय?"

तिनं त्याला काठावर बसवून सगळं सांगितलं. त्याला निम्मंच कळलं, पण हवं ते निम्मं कळलं.

"म्हणजे आईचं चुकलं."

"पूर्ण नाही. पडद्यातले स्निग्ध पदार्थ बदलतात हे त्यांचं बरोबर आहे. पण आधी तो फाटतो, आणि म्हणून फळ मऊ होतं, हे... नाही."

"आणि पाठ्यपुस्तकात नेमकं तेच आहे."

"तेच आहे."

तो पाण्यात पाय हलवत बसला. "मग सांग तिला."

"इतकं सोपं आहे का? तुझी आई आहे ती."

"माझी आई आहे म्हणूनच म्हणतोय. तिला खोटं चालत नाही. शाळेत असताना मी एकदा ताप आल्याचं नाटक केलं, तर तिनं दर तासाला ताप मोजून त्याचा आलेख काढला."

धाकटीला हसू आलं, पण तिनं सांगितलं मात्र नाही. उद्या सांगू म्हणत तिनं ते पुढे ढकललं. एक दिवस बाईंचं डोकं दुखत होतं. एक दिवस त्या फारच खुशीत होत्या आणि तिला ती खुशी मोडवेना. एकदा ती त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, तर बाई आरशासमोर उभ्या राहून व्याख्यानाचं पहिलं वाक्य म्हणून बघत होत्या, वेगवेगळ्या आवाजांत. ती तशीच परत फिरली.

फोटोंबद्दल बाई विचारायच्या आणि ती म्हणायची, "करतेय, जरा प्रकाश नीट येत नाहीये."

शेवटी नवऱ्यालाच राहवेना. सकाळी टेबलाशी तिघं चहा पीत होते. त्यानं पावाला लोणी लावता लावता, अगदी सहज सुचल्यासारखं विचारलं, "आई, समजा हं, उगाच समजा, तुझ्या त्या पडद्याचं काही चुकलं असलं तर?"

धाकटीनं टेबलाखालून त्याला लाथ मारली. लाथ टेबलाच्या पायाला बसली आणि कप हिंदकळले.

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मग सुनेकडे. कप हळूच बशीत ठेवला.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

मग सांगावंच लागलं. धाकटी बशीकडे बघत बोलत गेली. पेशी फुटताना दिसल्या तिथपासून साखरेच्या पाण्यापर्यंत. बाईंनी मध्ये एकच प्रश्न विचारला, द्रावण किती दाट घेतलं होतं, आणि उत्तर ऐकून मान हलवली. तिचं बोलणं संपल्यावर त्या उठल्या, पर्स घेतली आणि निघाल्या. रोज दोघी बरोबर जायच्या. त्या दिवशी धाकटी मागून एकटी गेली.

प्रयोगशाळेत बाई कोट घालून तयार उभ्या होत्या. समोर नासपतीची पेटी, दोन रांगांत बीकर.

"धाकट्या बाई," त्या म्हणाल्या, "ती साखरेची बरणी जरा देता का?"

धाकटीचा हात जागीच थांबला. बाई तिला कायम 'तू' म्हणत. विद्यार्थिनी असल्यापासून. रागावल्या तरी 'तू', लाड केले तरी 'तू'. मामांनीही कपाट पुसायचं थांबवून वळून पाहिलं.

तिनं बरणी दिली. बाईंनी चकत्या कापायची पितळी नळी फळावर टेकवली आणि दाबली, पण नळी तिरकी गेली. पुन्हा टेकवली. पुन्हा तिरकी गेली. तिसऱ्यांदा त्यांनी नळी टेबलावर ठेवली.

"तुम्ही कापा," त्या म्हणाल्या. "मी मोजते."

दिवसभर दोघी काम करत राहिल्या. कच्चं फळ, अर्धं पिकलेलं, पूर्ण पिकलेलं. धाकटी कापायची, धुवायची, बुडवायची. बाई मीटरसमोर बसून आकडे मोठ्यानं वाचायच्या आणि ती लिहून घ्यायची. शेवटी चकत्या उकळून त्यातले सगळे क्षार बाहेर काढले आणि तेही मोजले, म्हणजे एकूणातले किती झिरपले ते कळावं. दुपारी मामांनी चहा आणला. तो तसाच निवला.

दुपार कलल्यावर बाईंनी मीटर बंद केला. आकडे पुन्हा बघायची गरज नव्हती.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"थोडे दिवस झाले."

"थोडे म्हणजे?"

"पेटी बदलली होती ना, त्याच्या आधीपासून."

"आणि प्रकाश नीट येत नव्हता."

धाकटीनं आकड्यांची वही मिटली.

"माझं चुकलं, हे ठीक आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि मामांनी नंतर सांगितलं की त्यालाच ते घाबरले. "माणूस चुकतो. मीही इतरांच्या चुका काढल्यात, आनंदानं काढल्यात. पण हे तुम्ही माझ्या मुलाला आधी सांगितलंत. ज्याला पेशी आणि पिशवी यातला फरक कळत नाही, त्याला. आणि मला गोड बोलून झुलवत ठेवलंत. विद्यार्थिनी होतात तेव्हा रात्रीचा ताप अंगात असला तरी आकडे घेऊन धावत यायचात माझ्याकडे. त्या मुलीचं काय झालं?"

"तिचं लग्न झालं!" धाकटी एकदम म्हणाली, आणि मग तिला रडूच फुटलं. "बाईंना सांगायला मी त्याच मिनिटाला धावत आले असते. पण घरी परत जाऊन आईंच्या समोर जेवायला बसायचं होतं मला. आरशासमोर तुम्ही... मी बघितलं तुम्हाला. त्या आईंना मी कसं सांगू?"

मामा कपाटाचा तोच खण पुन्हा पुसायला लागले.

बाईंनी कोट काढून खुंटीला अडकवला. "मला आज कुणी सोबत नको," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. जेवायला यायच्या, दोन घास खाऊन खोलीत जायच्या. मुलानं गमती करून पाहिल्या, चालल्या नाहीत. रविवारी त्यांनी सांगितलं, की व्याख्यान रद्द करा असं संचालकांना कळवणार आहेत, तब्येतीचं कारण देऊन.

"तब्येतीला काय झालंय?" मुलानं विचारलं.

"काहीतरी सांगेन."

"आई, तू खोटं बोलणार?"

बाई उठून आत गेल्या.

धाकटीनं बराच वेळ विचार केला आणि दार वाजवलं. बाई पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. खिडकी उघडी होती, खालून सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. 'या' नाही म्हणाल्या. धाकटी पलंगाच्या कडेवर टेकली.

"तुला माहितीये," बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला तेव्हा मी गेले नव्हते. एवढासा होता. दंडावर नंबर लिहिलेला, तो दाखवायला आला होता मला सकाळी. मी म्हटलं, राजा, फळं माझ्यासाठी थांबणार नाहीत. त्या दिवशी आकडा चढणार होता ना. शुद्ध पाण्यातला आकडा." त्या हसल्या, पण ते हसू धड नव्हतं. "तो तिसरा आला. तो घरी आला तेव्हा मला झोप लागली होती. आता वाटतं, कशासाठी गेले नाही मी? बीकरमध्ये पेशी फोडण्यासाठी?"

धाकटीनं सांत्वन केलं नाही. असल्या वेळी वरवरचं बोललेलं बाईंना खपत नसे. पण गेले काही दिवस एक गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती आणि ती विचारायला जगात दुसरं माणूस नव्हतं.

"आई, मला एक कळत नाहीये. चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात बुडवलं की नासपती जास्त दिवस कडक राहते. तुम्हीच शोधलंत ते. आपण म्हणायचो, कॅल्शियम पडद्याला मजबूत करतं, म्हणून. पण पडदा मुळात फाटतच नसेल, तर बुडवून फायदा का होतो?"

भिंतीला टेकलेली बाईंची पाठ सरळ झाली.

"होतो ना फायदा," धाकटी म्हणाली. "म्हणजे तो काही बीकरमधला नाही. पेट्यांच्या पेट्या टिकतात."

"थांब," बाई म्हणाल्या.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. फळांच्या टोपलीत दोन नासपती होत्या, एक कडक, एक मऊ. त्यांनी सुरी घेतली, दोन्हींच्या फोडी केल्या, मऊ फोड बोटांत धरून हळूहळू दाबली. फोड फुटली नाही, तिचे कण एकमेकांवरून घसरून वेगळे झाले. बोटांना रस फारसा लागला नव्हता.

"बघ," त्या पुटपुटल्या. "पेशी फुटत नाहीयेत. सुटताहेत. एकमेकींपासून सुटताहेत." मग एकदम जुन्या आवाजात, "अगं, भिंत! कॅल्शियम भिंतीत जाऊन बसतं! दोन पेशींच्या मध्ये जे चिकट असतं ना, पेक्टिन, ते बांधून ठेवतं. म्हणून तर बुडवलेल्या फळांच्या पडद्यातलं कॅल्शियम मोजलं तेव्हा काही फरकच मिळाला नव्हता मला! मी म्हटलं यंत्र बिघडलं. यंत्र दुरुस्तीला पाठवलं मी! त्यांनी सांगितलं, बाई, यात काही बिघाड नाही, तर मी त्यांच्यावरच ओरडले."

बाहेरच्या खोलीतून मुलगा धावत आला. "काय झालं? कुणाला कापलं?"

"कुणाला नाही. तू मध्ये येऊ नकोस," बाई म्हणाल्या, आणि लगेच त्याच्या हातावर एक फोड ठेवली. "नाही, थांब. ये. ही दाब बरं. तुला काय वाटतं, फुटली की सुटली?"

त्यानं दाबली, नीट पाहिली. "सुटली," तो म्हणाला. "पण हे बरं की वाईट?"

"ते अजून ठरायचंय," बाई म्हणाल्या.

जेवताना त्या स्वतःहून म्हणाल्या, "तुझ्या त्या तिसऱ्या नंबराचं काय केलंस रे तू? काही दिलं होतं का त्यांनी?"

"साबणाची वडी," मुलगा म्हणाला. "तूच वापरलीस ती."

बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मुलानं पाण्याचा पेला पुढे केला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यानं बराच वेळ काढला नाही.

व्याख्यान ठरल्या दिवशीच झालं. सभागृह भरलं होतं. बाईंनी पहिली दहा मिनिटं आपलं जुनं म्हणणं तितक्याच ठसक्यात मांडलं. लोक ओळखीच्या गोष्टी ऐकून मान डोलवत होते. मग त्यांनी धाकटीचा फोटो दाखवला. पूर्ण पिकलेलं फळ, निळा रंग बाहेर, आणि आत शांत, अखंड पेशी.

"हे मऊ फळ आहे," बाई म्हणाल्या. "यातला पडदा फाटलेला नाही. पडदा बदलतो, हे मी सांगितलं ते खरं. तो आधी फाटतो, हे मी सांगितलं ते खोटं. त्या बिचाऱ्यावर मी उगाच आळ घेतला, आणि तुम्हाला सगळ्यांनाही घ्यायला लावला."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. बाईंनी ती होऊ दिली. मग चित्रांमागून चित्रं दाखवत भिंतीपर्यंत आल्या. भाषणाच्या शेवटी म्हणाल्या, "हे माझ्या विद्यार्थिनीनं शोधलं. ती समोर बसली आहे." 'सून' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. धाकटीला 'विद्यार्थिनी' या एका शब्दानं जितका आनंद झाला, तितका कौतुकाच्या लेखानंही झाला नसता.

सगळं गोडीगुलाबीनं पार पडलं असं मात्र नाही. एकजण सरळ उठून गेला. त्याचा अख्खा प्रबंध शुद्ध पाण्यावर उभा होता. एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, की आम्ही आता मुलांना काय शिकवायचं, आणि बाई म्हणाल्या, "साखर घालायला शिकवा." हशा झाला, पण विचारणारी हसली नाही आणि बाईंनाही ते लागलं. शेवटच्या रांगेतून एक जाडजूड गृहस्थ उठले. ते दुसऱ्या संस्थेत सफरचंदावर काम करायचे आणि बाईंशी त्यांचं पूर्वापार जमत नसे.

"नासपतीचं तुम्ही म्हणता ते असेल," ते म्हणाले. "पण सगळी फळं नासपती नसतात. आमच्या सफरचंदाच्या पडद्याबद्दल एवढ्या लवकर निकाल देऊ नका."

"मोजून सांगा," बाई म्हणाल्या.

"सांगतो," ते म्हणाले आणि खाली बसले.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या खोलीत दुसरे प्रमुख आले, त्यांनी टेबल खिडकीपासून दूर सरकवलं आणि भिंतींना नको तो रंग दिला. बाई आठवड्यातून दोनदा पाहुण्या म्हणून यायच्या आणि त्या रंगाकडे बघून दर वेळी सुस्कारा सोडायच्या. दोघींनी मिळून नवा निबंध लिहायला घेतला. कुणाचं नाव आधी यावरून त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. प्रत्येकीला दुसरीचं आधी हवं होतं. हे भांडण घरी, जेवणाच्या टेबलावर झालं, आणि मुलगा खूष होता, कारण या वेळी त्याला सगळं कळत होतं. शेवटी धाकटीचं नाव आधी आलं, कारण बाईंनी तिला न सांगता तसंच पाठवून दिलं.

पाठ्यपुस्तकातलं प्रकरण बदलायला वेळ लागणार होता. बाईंना ते अधूनमधून टोचायचं. अशा वेळी धाकटी शेजारी जाऊन बसायची. कधी आई म्हणायची, कधी बाई, आणि दोघींनीही ते दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

एका सकाळी बाईंचा फोन वाजला. सफरचंदवाले गृहस्थ होते. बाईंनी फोनचा स्पीकर लावला.

"मोजलं," पलीकडून आवाज आला. "साखरेच्या पाण्यात. तुमच्याच पद्धतीनं."

"मग?"

"आमचा पडदा लवकर झिरपतो. भिंत पुष्कळ धड असताना. तीनदा केलं. आता बोला."

बाईंचा चेहरा असा उजळला, की धाकटीनं हातातलं काम ठेवून दिलं.

"द्रावण किती दाट घेतलंत?" बाई फोनवर ओरडल्या. "नाही, नाही, सफरचंदाला ते पुरणार नाही! आणि फळं कुठल्या जातीची? थंडीत किती दिवस होती? अहो, थंडीत ठेवलंत तर पडदा ताठरेलच की! थांबा, तुम्ही फोन ठेवू नका." त्यांनी हातानं फोन झाकला आणि धाकटीकडे वळल्या. "पर्स घे. सफरचंदं आणायची आहेत. ताजी, थंडी न लागलेली. ऊठ लवकर."